येशूचा इतिहास कोणत्या कपाटात शोधावा?

ग्रंथालयात ‘धर्म’ अशी पाटी लावलेल्या कपाटापुढे उभे राहिले म्हणजे जगातील थोर पुरुषांची चरित्रे एका रांगेत बसलेली दिसतात. त्यांतील काही भक्तांनी भक्तांसाठी लिहिलेली असतात, काही प्रतिपक्षाने खंडनासाठी लिहिलेली असतात आणि काही थोडी अशी असतात, की त्यांच्या लेखकाने आधी पुरावा गोळा केला, मग तो तोलला आणि जेवढे ठरले तेवढेच सांगितले. बाहेरून तिन्हींची बांधणी सारखीच. नवख्या वाचकाच्या हाती त्यांतले कोणते पुस्तक पडेल हा बहुधा योगायोग असतो आणि त्या योगायोगावर त्याचे जन्माचे मत ठरून जाते. येशू ख्रिस्ताच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. त्याच्याविषयी लिहिल्या गेलेल्या ग्रंथांना गणती नाही. तरीही ‘इतिहासात हा पुरुष कोण होता?’ एवढा साधा प्रश्न घेऊन ग्रंथालयाची पायरी चढणाऱ्याला नेमके पुस्तक सापडणे सोपे नसते.

आमच्यापुढे हा प्रश्न वर्गातून आला. दहावीतील एका विद्यार्थ्याने मोबाइलवर आलेला मजकूर मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवला. येशू नावाचा कोणी माणूस झालाच नाही, ती रोमन लोकांनी रचलेली कथा आहे, असा त्याचा आशय. वर्गातली एक ख्रिस्ती मुलगी, जिच्या घरी रोज संध्याकाळी मराठीतून प्रार्थना होते, ती रडू लागली. प्रकरण आमच्या खोलीपर्यंत आले. दोघांनाही गप्प बसवणे आम्हांस सोपे होते. पण गप्प बसवलेला प्रश्न मरत नाही, तो मनात कुजतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्ही पाहिले आहे. शाळेच्या कपाटात येशूचे एक पातळसे बालचरित्र निघाले, त्यात गोष्टी होत्या, पुरावा नव्हता. तेव्हा दोघांनाही बरोबर घेऊन आम्ही ग्रंथालयाचा रस्ता धरला. त्या शोधात जे हाती आले आणि पुढे वाचनाने ज्यात भर पडली, ते वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न दोन, कपाटे चार

प्रथम एक भेद मनाशी पक्का केला पाहिजे. येशू देवाचा पुत्र होता काय, मेलेल्यांतून तो उठला काय, हे श्रद्धेचे प्रश्न आहेत. इतिहासाचे शास्त्र त्यांना ‘होय’ही म्हणू शकत नाही आणि ‘नाही’ही म्हणू शकत नाही, ‘त्याच्या शिष्यांचा तसा दृढ विश्वास होता’ एवढेच ते सांगू शकते. मात्र पहिल्या शतकात गालील प्रांतात कोण उपदेश करीत होता, त्याला क्रूसावर कोणी आणि कशासाठी दिले, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. शिवछत्रपतींविषयीच्या प्रश्नांना लावतो त्याच कसोट्या त्यांनाही लागू पडतात.

आता अडचण अशी, की या दुसऱ्या प्रश्नाची साधने एका कपाटात नसतात. आपल्याकडील बहुतेक ग्रंथालये ड्युई यांच्या दशांश वर्गीकरणाने पुस्तके लावतात. त्यात नवा करार २२५ आणि शुभवर्तमाने २२६ या क्रमांकाखाली येतात. येशूविषयीचे ग्रंथ २३२ मध्ये, त्यातही चरित्रपर ग्रंथ २३२.९ मध्ये, ज्यू धर्म २९६ मध्ये, प्राचीन पॅलेस्टाईनचा इतिहास ९३३ मध्ये आणि रोमचा ९३७ मध्ये. काही ग्रंथालयांत रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धती असते. तेथे ज्यू धर्म ‘क्यू ५’, ख्रिस्ती धर्म ‘क्यू ६’ आणि इतिहास अगदी वेगळ्या ‘व्ही’ वर्गात बसतो. म्हणजे जो वाचक केवळ धर्माच्या कपाटापुढे उभा राहतो, त्याला साधनांचा एक हिस्साच दिसतो. ज्या रोमन आणि ज्यू लेखकांची साक्ष त्याला हवी असते ते दोन दालने पलीकडे असतात. ही एक गोष्ट ठाऊक असली तरी अर्धे काम झाले.

पहिले साधन : नवा करार

येशूविषयीचा सर्वांत जुना मजकूर कोणता, असे विचारले तर बहुतेक जण शुभवर्तमानांकडे बोट दाखवतील. वस्तुतः पौलाची पत्रे त्याहून जुनी आहेत. ती साधारण इ. स. ५० ते ६० च्या दरम्यानची. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, की यरुशलेमेत त्याची पेत्राशी आणि येशूचा भाऊ याकोब याच्याशी भेट झाली. हे विधान तो उपदेशासाठी करीत नाही, आपला स्वतःचा वाद मांडता मांडता ओघात करतो. इतिहासकाराला अशी ओघात आलेली विधाने फार मोलाची वाटतात. ज्याच्या सख्ख्या भावाला लेखक भेटला आहे तो पुरुष केवळ कल्पनेतला होता, असे म्हणणे मग कठीण होते.

शुभवर्तमाने त्यानंतरची. मार्काचे इ. स. ७० च्या आसपासचे, मत्तय व लूक यांची त्यानंतरच्या दहा-वीस वर्षांतली, योहानाचे शतकाच्या अखेरीचे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ती ग्रीक भाषेत आहेत, येशू बोलत असे ती अरामाईक. मत्तय आणि लूक यांनी मार्काचा मजकूर समोर ठेवून आपापले लेखन केले आणि शिवाय वचनांचा आणखी एक संग्रह दोघांच्याही हाती होता, हे अभ्यासकांमधले सर्वाधिक मान्य मत. हा दुसरा संग्रह आज उपलब्ध नाही. जर्मन भाषेतील ‘उगम’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला ‘क्यू’ असे नाव पडले आहे.

मराठी वाचकाला हे सारे अनोळखी वाटू नये. लीळाचरित्राची जन्मकथा आठवावी. चक्रधरस्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी स्वामींना पाहिले आणि ऐकले होते, त्यांच्या आठवणी गोळा केल्या व नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. पुढे मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाली, स्मरणातून ती पुन्हा लिहिली गेली आणि पाठ वेगवेगळे झाले. नेने, तुळपुळे, कोलते यांच्यासारख्या संपादकांना त्या पाठांशी किती झुंजावे लागले हे मराठीच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. येशूनेही काही लिहून ठेवले नाही. त्याच्याही आठवणी प्रथम तोंडी फिरल्या, मग संग्रहित झाल्या, मग त्यांचे पाठ पडले. फरक असा, की म्हाइंभटांची भाषा स्वामींचीच होती. शुभवर्तमानकारांना मात्र आठवणी एका भाषेतून दुसरीत आणाव्या लागल्या. लीळाचरित्र भक्तिग्रंथ आहे म्हणून तेराव्या शतकाच्या इतिहासासाठी ते कोणी टाकून देत नाही आणि त्यातला प्रत्येक चमत्कार इतिहास म्हणून घेतही नाही. शुभवर्तमाने वाचतानाही हाच विवेक हवा.

या वाचनासाठी एक साधन फार उपयोगी पडते. तीन शुभवर्तमाने शेजारशेजारच्या स्तंभांत छापलेली पुस्तके असतात. थ्रॉकमॉर्टन यांचे ‘गॉस्पेल पॅरलल्स’ (१९४९) हे त्यांतले प्रसिद्ध. तेच प्रसंग तिघांनी कसे सांगितले, कोणी कोठे भर घातली, कोणी कोणता अवघड शब्द गाळला, हे त्यात नजरेला दिसते. उदाहरणार्थ, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडून येशूने बाप्तिस्मा घेतला, हे मार्क सरळ सांगतो. मत्तयाच्या ग्रंथात मात्र योहान आधी संकोच व्यक्त करतो. आपला गुरू दुसऱ्या गुरूकडे पापक्षमेच्या स्नानासाठी गेला, ही गोष्ट शिष्यांना अडचणीची होती. जी गोष्ट सांगणाऱ्यालाच अडचणीची, ती त्याने पदरची रचली असण्याचा संभव कमी. क्रूसावरील मृत्यूचेही तसेच. गुलामांना आणि बंडखोरांना दिली जाणारी ही अप्रतिष्ठेची शिक्षा आपल्या तारणाऱ्याच्या माथी कोण भक्त आपण होऊन मारील?

जन्मवर्षाची कथाही मनोरंजक आहे. मत्तयाच्या मते येशू हेरोद राजाच्या हयातीत जन्मला आणि हेरोद इ. स. पूर्व ४ मध्ये वारला. लूक ज्या क्विरिनियसच्या खानेसुमारीचा उल्लेख करतो ती इ. स. ६ मधली. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही. इतिहासकार सामान्यतः इ. स. पूर्व ६ ते ४ हा काळ धरतात, म्हणजे ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व काळातच होतो! सहाव्या शतकात कालगणना बसवणाऱ्या दिओनिसियस नावाच्या साधूच्या हिशेबातली ही चूक. शिवछत्रपतींचा जन्म १६२७ चा की १६३० चा, या वादात ज्यांनी तारुण्य घालवले अशा आपल्या संशोधकांना यात हसण्यासारखे काही दिसणार नाही.

परक्यांची साक्ष

शिवकालाच्या अभ्यासात सभासदाच्या बखरीइतकीच इंग्रज वखारवाल्यांची पत्रे महत्त्वाची मानतात, कारण त्यांना महाराजांची भक्ती करण्याचे कारण नव्हते. येशूच्या बाबतीत हे काम तीन लेखक करतात.

पहिला योसेफस. हा ज्यू सेनानी इ. स. ६७ मध्ये रोमनांच्या हाती लागला आणि पुढे रोममध्ये राहून त्याने ज्यू लोकांचा इतिहास लिहिला. इ. स. ९३-९४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या ‘अँटिक्विटीज’मध्ये येशूचा उल्लेख दोनदा येतो. विसाव्या भागात याकोबाच्या वधाची हकीकत सांगताना, ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा हा भाऊ, अशी ओळख तो देतो. अठराव्या भागातील उतारा मोठा आहे. पण तो जसाच्या तसा योसेफसचा नाही, नक्कल करणाऱ्या ख्रिस्ती लेखनिकांनी त्यात भक्तिभावाची भर घातली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भर वजा करून उरणारा गाभा खरा, असे त्यांतल्या पुष्कळांचे मत आहे. आपल्या संतांच्या गाथांमध्ये शिरलेले प्रक्षिप्त अभंग ज्याने पाहिले आहेत, त्याला ही प्रक्रिया समजावून द्यावी लागत नाही.

दुसरा टॅसिटस. इ. स. ६४ मध्ये रोमला लागलेल्या आगीची हकीकत त्याने साधारण इ. स. ११६ मध्ये लिहिली. नीरोने आगीचा दोष ज्यांच्यावर ढकलला त्या ख्रिस्ती लोकांचे नाव ज्या पुरुषावरून पडले, त्याला तिबेरियसच्या राज्यात पंतय पिलाताने देहान्त शिक्षा दिली, असे तो नोंदवतो. टॅसिटसला या पंथाविषयी तिरस्कार होता, म्हणूनच त्याच्या साक्षीला वजन आहे. तिसरा धाकटा प्लिनी. आजच्या तुर्कस्तानातील एका प्रांताचा अधिकारी असताना, इ. स. ११२ च्या सुमारास, त्याने सम्राट ट्राजनला पत्र लिहून, ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तवन करतात, त्यांचे काय करावे, असे विचारले आहे.

हे तिघेही इंग्रजी भाषांतरात सहज मिळतात. योसेफसचे व्हिस्टन यांनी १७३७ साली केलेले भाषांतर अनेकदा छापले गेले आहे आणि जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत ते विचारून पाहावे. लोब ग्रंथमालेत मूळ आणि भाषांतर समोरासमोर असते. ग्रीक ग्रंथांना हिरवे पुठ्ठे, लॅटिनांना तांबडे. ही पुस्तके मागताना धर्माचे कपाट विसरावे आणि प्राचीन इतिहासाकडे वळावे.

दगड, हाडे आणि पपायरस

उत्खननाने येशूची एखादी वस्तू दिलेली नाही. त्याच्या जगाची मात्र पुष्कळ दिली. १९६१ साली कैसरिया येथील रोमन नाट्यगृहाच्या अवशेषांत एक शिळा सापडली. तिच्यावर पिलाताचे नाव आणि ‘प्रीफेक्ट’ हा त्याचा हुद्दा कोरलेला आहे. टॅसिटसने त्याला ‘प्रोक्युरेटर’ म्हटले होते. तो हुद्दा पुढच्या काळातला. एवढ्या मोठ्या इतिहासकाराचा शब्द एका फुटक्या शिळेने दुरुस्त केला. १९६८ साली यरुशलेमेजवळ एका थडग्यात टाचेच्या हाडातून आरपार गेलेला लोखंडी खिळा सापडला. अस्थिपात्रावर त्या अभाग्याचे नाव होते, येहोहानान. क्रूसाची शिक्षा प्रत्यक्षात कशी असे याची ती मूक साक्ष. १९९० मध्ये कयफा या नावाचे एक नक्षीदार अस्थिपात्र मिळाले. येशूला पिलाताच्या स्वाधीन करणाऱ्या मुख्य याजकाचेच ते, असे अनेक अभ्यासक मानतात.

लेखांचेही तसेच. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादी येथे कॉप्टिक भाषेतील जुनी पुस्तके सापडली. त्यांत थोमाच्या नावाचे, ११४ वचनांचे एक शुभवर्तमान आहे. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहांतून चामड्याच्या गुंडाळ्या बाहेर आल्या. त्यांत येशूचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तसा तो आहे असे सांगणारी पुस्तके बाजारात येत असतात. पण त्या काळच्या ज्यू समाजात किती पंथ होते, किती प्रकारची आशा होती, हे त्यांच्यावाचून कळत नाही. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाचा, तळहातावर मावेल एवढा, पपायरसचा एक तुकडा आहे. तो सामान्यतः दुसऱ्या शतकातला मानतात आणि त्यावर नेमका पिलातापुढील चौकशीचा भाग आहे.

अडीचशे वर्षांचा वाद

या साधनांवर विद्वानांनी काय रचले, हा स्वतंत्र इतिहास आहे. त्याची सुरुवात भीतीतून झाली. हांबुर्गचे रायमारुस यांनी येशूच्या चरित्राची चिकित्सा लिहिली, पण १७६८ साली मरेपर्यंत छापली नाही. लेसिंग यांनी तिचे अंश १७७४ पासून लेखकाचे नाव न सांगता प्रसिद्ध केले. १८३५ साली श्ट्राउस यांचा ‘येशूचे चरित्र’ हा ग्रंथ निघाला आणि ऐन तारुण्यात त्यांची ट्यूबिंगेनची जागा गेली. त्याचे इंग्रजी भाषांतर १८४६ साली ज्या तरुणीने केले ती पुढे जॉर्ज इलियट या नावाने कादंबरीकार म्हणून गाजली. फ्रान्समध्ये रेनाँ यांचे चरित्र १८६३ साली आले. त्यांनाही अध्यापकपद गमवावे लागले. ज्या प्रश्नासाठी आपण आज कार्ड भरून पुस्तक मागतो, त्यासाठी या माणसांनी पोटाची भाकरी पणाला लावली होती.

१९०६ मध्ये आल्बर्ट श्वाइट्झर यांनी या सर्व चरित्रांचा हिशेब मांडला. प्रत्येक चरित्रकाराला येशूमध्ये आपल्याच युगाचा आदर्श दिसला, हे त्यांनी दाखवून दिले. ‘द क्वेस्ट ऑफ द हिस्टॉरिकल जीझस’ हे त्याचे इंग्रजी रूप १९१० चे. यानंतर काही काळ शोध मंदावला, १९५३ साली केझेमान यांच्या व्याख्यानाने तो पुन्हा उभा राहिला. गेल्या पन्नास वर्षांतले मोठे काम म्हणजे येशूला ज्यू समाजात परत नेऊन बसवणे. गेझा वेर्मेश यांचे ‘जीझस द ज्यू’ (१९७३) आणि ई. पी. सँडर्स यांचे ‘द हिस्टॉरिकल फिगर ऑफ जीझस’ (१९९३) ही त्या दिशेची दोन वाचनीय पुस्तके. एकच पुस्तक मिळणार असेल तर आम्ही सँडर्स सुचवू. ज्याला सविस्तर हवे त्याने जॉन मायर यांच्या ‘अ मार्जिनल ज्यू’ या ग्रंथाचे १९९१ ते २०१६ या काळात निघालेले पाच खंड पाहावेत. येशू झालाच नाही, या पक्षाचा समाचार बार्ट एर्मन यांनी ‘डिड जीझस एक्झिस्ट?’ (२०१२) मध्ये घेतला आहे, आणि एर्मन हे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती नाहीत.

इतक्या वादातून निष्पन्न काय? नासरेथचा एक ज्यू, योहानाकडून बाप्तिस्मा घेतलेला, गालिलात दृष्टान्तांतून देवाच्या राज्याचा उपदेश करणारा, शिष्य जमवणारा, यरुशलेमेच्या मंदिरात गोंधळ उडवून देणारा आणि इ. स. ३० किंवा ३३ च्या सुमारास पिलाताच्या हुकमाने क्रूसावर गेलेला: एवढ्यावर अभ्यासकांचे बहुतांशी एकमत आहे. त्यापुढे मतभेद सुरू होतात. हे थोडे वाटेल. पण प्राचीन काळच्या एका खेडवळ माणसाविषयी इतके कळणे हेच विलक्षण आहे.

टाळावयाच्या वाटा

काही पुस्तके मात्र सावधपणे हाताळावीत. १८९४ साली निकोलाय नोटोव्हिच या रशियन प्रवाशाने, येशू तरुणपणी हिंदुस्थानात आला होता व त्याची हकीकत लडाखच्या हेमिस मठात आहे, असे पुस्तक छापले. त्याच वर्षी मॅक्स म्युलर यांनी त्यावर शंका घेतली. पुढच्या वर्षी आग्र्याच्या सरकारी कॉलेजातील प्राध्यापक डग्लस स्वतः हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी तो सारा प्रकार नाकारला. तरीही ही कथा आज मोबाइलवरून फिरते, कारण ती ऐकायला आपल्याला गोड वाटते. गोड वाटते म्हणून खरे मानणे हा पुराव्याचा कायदा नव्हे. २००२ साली, येशूच्या भावाचे म्हणून गाजलेले अस्थिपात्रही असेच. ते कोठे सापडले हेच नक्की नसल्याने, बनावटीचा खटला सुटल्यानंतरही, त्यावर इतिहास उभारता येत नाही.

मराठीत काय मिळेल?

मराठीची परंपरा येथे समृद्ध आहे, पण ती बहुतांशी भक्तीची. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते समग्र प्रसिद्ध झाले. अलीकडचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ तर घरोघरी वाचण्यासारखे आहे. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. हे ग्रंथ येशूविषयी जेवढे सांगतात त्याहून अधिक मराठी माणसाच्या मनातील येशूविषयी सांगतात. तो अभ्यासही मोलाचा आहे, फक्त दोहोंची गल्लत करू नये. चिकित्सक इतिहासासाठी आज तरी इंग्रजीचा आधार घ्यावाच लागतो. सँडर्स यांच्या तोडीचे सुटसुटीत पुस्तक मराठीत एखाद्या जाणत्याने लिहावे, ही आमची इच्छा नमूद करून ठेवतो.

आपल्या गावात कोठे?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना यात काही सोयीही आहेत. पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ साली स्थापन झालेले; पर्वरी येथे झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले. मांडवीचे मध्यवर्ती ग्रंथालय त्याच उद्योगातले, आणि विद्यापीठाचे हंसा मेहता ग्रंथालयही जवळच. हैदराबादकरांना अफझलगंजचे, पूर्वी आसफिया म्हणून ओळखले जाणारे, राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. इंदूरकरांनी तेथील ख्रिश्चन कॉलेजकडे चौकशी करावी. या विषयाचा खास संग्रह मात्र धर्मशास्त्राच्या विद्यालयांत असतो: पुण्याचे ज्ञानदीप विद्यापीठ व युनियन बिब्लिकल सेमिनरी, बंगळुरूचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, बंगालमधील श्रीरामपूर कॉलेज. बेळगावकरांना पुणे आणि पणजी दोन्ही हाकेच्या अंतरावर. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी ग्रंथपालांस पत्र लिहून, अभ्यासाचा हेतू सांगून परवानगी घ्यावी.

ज्यांना प्रवास शक्य नाही त्यांच्यासाठी संगणक आहे. व्हिस्टनचा योसेफस, रेनाँ, श्वाइट्झर ही हक्कमुक्त झालेली पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतात. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स सिनाइटिकस’ ही संपूर्ण नव्या कराराची सर्वांत जुनी प्रत. तिची पाने चार ठिकाणी विखुरलेली, पण २००९ पासून ती संगणकाच्या पडद्यावर एकत्र पाहावयास मिळतात.

ग्रंथपालाकडे जाताना ‘येशूवर काही आहे का?’ असे विचारू नये; तसे विचारले तर प्रार्थनेचे पुस्तक मिळते. लेखकाचे आणि ग्रंथाचे नाव चिठ्ठीवर लिहून न्यावे. पुस्तक हाती आले की चार गोष्टी पाहाव्यात: लेखक कोण, केव्हा लिहिले, पुरावा कोठून घेतला हे तळटीपांत सांगितले आहे की नाही, आणि विरुद्ध मताचा उल्लेख तरी केला आहे की नाही. आमच्या त्या दोन विद्यार्थ्यांनी एवढेच केले. मुलाने टॅसिटसचे पान स्वतः वाचले आणि मोबाइलवरचा मजकूर कोणी, कशाच्या आधारावर लिहिला होता हे शोधू लागला. त्याला आधार सापडला नाही. मुलीने तीन स्तंभांचे पुस्तक उघडले आणि तिन्ही शुभवर्तमाने सर्वत्र सारखी नाहीत हे पाहून ती प्रथम गांगरली. पुढे घरच्या प्रार्थनेत तिने ते वडिलांना दाखवले. त्या गृहस्थांनी आमच्याकडे तक्रार केली नाही. आणखी एखादे पुस्तक असल्यास पाठवा, असा निरोप दिला.

पालकांच्या मनात भीती असते हे आम्ही जाणतो. अशा वाचनाने मूल धर्म बदलेल किंवा धर्म सोडील, असे दोन्ही बाजूंच्या घरांतून ऐकू येते. आमचा अनुभव असा, की मुलांची मने बिथरतात ती अर्धवट ऐकीव गोष्टींनी. आपण परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे. आपल्याविषयी शेजारी ऐकीव गोष्टींवरून मत बनवतो तेव्हा ते किती बोचते, हे आपल्याला ठाऊक आहे. मग शेजाऱ्याच्या आराध्याविषयी आपण कागद पाहूनच बोलावे, हे ओघानेच आले.

मायर यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी एक कल्पना मांडली आहे. एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट, एक ज्यू आणि एक अज्ञेयवादी अशा चार प्रामाणिक इतिहासकारांना हार्वर्डच्या धर्मशास्त्र ग्रंथालयाच्या तळघरात कोंडावे, जेवण बेताचेच द्यावे आणि येशूविषयी चौघांना मान्य होईल असा मसुदा तयार झाल्यावाचून बाहेर सोडू नये! आपल्या गावच्या वाचनालयात कोंडण्याची गरज नाही. तेथले लांब टेबल पुरेसे आहे. मात्र जी पुस्तके वर्षानुवर्षे कोणी मागत नाही ती एक दिवस रद्दीच्या यादीत जातात. तेव्हा या महिन्यात एक चिठ्ठी भरावी, सँडर्सचे किंवा योसेफसचे नाव लिहावे, आणि पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत तशी नोंद करून यावी.